परकोटाला लागून

ताई, लोक भेटायला येतात आणि तुझ्याबद्दल चांगलं चांगलं बोलतात. मला ते ऐकवत नाही. तू चांगली होतीस हे खरं. पण तू भांडकुदळही होतीस, हट्टी होतीस, ऐन मे महिन्यात काळा कोट घालून मोपेडवर कोर्टात जाणारी होतीस, ते कोणी काढत नाही. पेपरात तुझा फोटो आला. खाली छापलं होतं, अमरावतीचा परकोट वाचावा म्हणून झटणाऱ्या ज्येष्ठ वकील गेल्या. बरोबरच आहे. त्यांनी एवढंच लिहिलं नाही, की त्याच परकोटाला लागून तुझ्या धाकट्या बहिणीचं स्वयंपाकघर आहे, आणि ते पाडावं म्हणून तू कोर्टात उभी होतीस.

परकोटाचं वेड तुला लहानपणापासूनचं. आपण राजापेठेत राहायचो. नवरात्रात बाबा आपल्याला अंबादेवीच्या दर्शनाला न्यायचे. दर्शन झालं की मला घरी जायचं असायचं, पाय दुखायचे, आणि तू मला मागे वळवून परकोटाच्या अंबा दरवाज्याकडे ओढायचीस. दरवाज्याखाली उभी राहून मान मागे टाकून वर बघत बसायचीस. बाबा सांगायचे, ही भिंत लुटारूंपासून गाव वाचवायला बांधली, आत व्यापाऱ्यांची पेठ होती. तू विचारायचीस, मग नुसती उंच भिंत पुरे होती, वरचे कंगोरे कशाला? कमानीला एवढा सुरेख बाक कशाला? बाबांना सांगता यायचं नाही. मोठी झाल्यावर तूच उत्तर काढलंस. एकदा मला म्हणालीस, "बेबी, लुटारूले थांबवायले उंची पुरते. रूप आतल्या लोकांसाठी असते. आत राहणाऱ्याले वाटलं पायजे ना, आपल्याभोवती काहीतरी चांगलं आहे म्हणून."

हे वाक्य मी पुढे तुझ्याच तोंडावर किती वेळा फेकलं, ते तुला आठवत असेल. "आतली तं मीच आहो ना वं!" मी म्हणायची. तू चिडायचीस.

कारण मला त्या भिंतीच्या आत तूच नेऊन ठेवलं होतंस. विलासचं स्थळ आलं तेव्हा आपण घर बघायला गेलो. सासरे भिक्षुकी करायचे, विलास शाळेत मास्तर. गल्ली अरुंद, पुढे दोन खोल्या आणि मागे टिनाचं स्वयंपाकघर. त्या स्वयंपाकघराच्या तीन भिंती विटांच्या आणि चौथी थेट परकोटाची, काळ्या दगडाची, टिनाच्याही वर निघून गेलेली. आई बाहेर येऊन हळूच म्हणाली, "अंधारं घर आहे. पोरीचा जीव गुदमरन." तू मात्र आतून निघायलाच तयार नव्हतीस. दगडावर तळहात टेकून उभी होतीस. बाहेर दुपार भाजत होती आणि तो दगड गार होता. तू माझा हात ओढून त्याच्यावर ठेवलास आणि कानात म्हणालीस, "बेबी, हो म्हण. अशी भिंत राजाच्या मुदपाकखान्यालेही नसन."

मी हो म्हटलं. ते विलाससाठी की तुझ्या भिंतीसाठी, असं मी नंतर भांडणात विचारायची तेव्हा विलास शेजारी बसून हसायचा.

त्या भिंतीशी माझा संसार झाला, ताई. दगडांच्या सांधीत सासूबाईंनी ठोकलेल्या खुंटीला मी गाळण्या अडकवल्या. कोनाड्यात माठ ठेवला, त्याच्यातल्या पाण्याला फ्रिजची गरज पडली नाही. पावसाळ्यात भिंत पाझरायची, पिठाच्या डब्यांना बुरशी यायची. दरवर्षी पावसानंतर विलास शिडी लावून टिनावर चढायचा आणि सांधींतून उगवलेली पिंपळाची रोपं मुळासकट उपटायचा. आमच्या शेजारच्या रझियाभाभींचा नवराही त्यांच्या बाजूची उपटायचा. ते दोघं नवराबायको रुई पिंजून गाद्या-रजया भरतात, त्यांचं सगळं दुकान त्या भिंतीच्या सावलीतच. जिथं वस्ती नव्हती तिथं पिंपळ माजले आणि दगड फुटून निघाले, हे मी तुला दाखवलंही होतं. "ही भिंत आम्ही राहून राहिलो म्हणून उभी आहे," मी म्हणायची. तू म्हणायचीस, "तुमच्या मोऱ्यांचं पाणी तिच्या पायात मुरून राहिलं, ते नाही दिसत?"

दोन्ही खरं होतं. आपल्या भांडणाचं दुखणंच ते होतं.

मग एका पावसात आमच्या गल्लीच्या टोकाला परकोटाचा एक तुकडा बसला. कोणीतरी भिंतीच्या पायाशी संडासाची टाकी खणली होती. माणूस दगावलं नाही, पण रझियाभाभींची शेळी दगडांखाली सापडली. बातमी कळताच तू कोर्टातून तशीच आलीस. कोट हातावर, साडीची किनार चिखलात. त्या ढिगाशेजारी किती वेळ उभी होतीस. मी चहाला बोलवायला आले तर तू माझ्याकडे बघितलंस, मग ढिगाकडे, मग गल्लीतून आमच्या टिनाकडे. चहा न घेताच गेलीस.

काही दिवसांनी आलीस ती सकाळीच. मी पोळ्या लाटत होते. तू खाली पाट घेऊन बसलीस आणि कप हातात घेऊन म्हणालीस, "केस मी घेतली."

"कोणती?"

"परकोटाची. गावातल्या काही मंडळींनी टाकायची ठरवली आहे. भिंतीले लागून जितकं बांधकाम असन तितकं हटवा, अशी मागणी आहे."

"जितकं म्हंजे?"

"जितकं म्हंजे जितकं."

माझं लाटणं थांबलं. "हे बी?"

तू कप खाली ठेवलास. "हे बी."

"ताई, तू माह्यावर केस करून राहिली?"

"तुह्यावर नाही. भिंतीच्या बाजूनं करून राहिली."

"मंग मी कोणाच्या बाजूची आहो? मले इथं आणून उभं कोणी केलं?"

"म्हणून तं सांगायले आली. दुसऱ्याच्या तोंडून तुले कळू नये."

"दुसऱ्या कोणाले घेऊ दे ना मंग केस. अमरावतीत काय वकील कमी आहेत?"

"दुसरा कोणी जीव लावून चालवन काय? आणि बाकीच्यांची घरं हटवा, माह्या बहिणीचं ठेवा, असं मी कोणत्या तोंडानं म्हणू?"

"नको म्हणू. पडू दे भिंत. पडली तं माह्या अंगावर पडन, तुह्या नाही!"

"त्याच्यासाठीच तं घेतली ना वं!" तू ओरडलीस.

तव्यावरची पोळी जळाली. तू उठलीस, मोपेड सुरू केलीस आणि गेलीस. मला वाटलं होतं तू परत फिरशील. मी दाराशी उभीही राहिले होते थोडा वेळ.

नोटिसा आल्या. पोस्टमन घरोघर सह्या घेत गेला आणि संध्याकाळपर्यंत गल्लीत सगळ्यांना कळलं की वकील कोण आहे. बायका मला बघून बोलायच्या थांबायच्या. वकीलबाईची बहीण आहे, हिचं घर ती वाचवून घेईल, असं कोणी म्हटलेलं विलासच्या कानावर आलं. रझियाभाभी तेवढ्या सरळ माझ्याकडे आल्या. "बेबीबाई, अपनी बहन से बोलो ना." मी म्हटलं, "बोल चुकी भाभी. नहीं मानती." गल्लीनं मिळून वकील लावला, तेव्हा वकीलपत्रावर पहिली सही मी केली. विलास म्हणाला, "घाई काहून करते?" तुझ्यासमोर उभंच राहायचं तर शेवटच्या रांगेत कशाला राहायचं?

तू मला ओळखत होतीस. समोरच्या पक्षाच्या यादीत माझं नाव वर बघून तू काय म्हणालीस ते तुझ्या ज्युनिअरनं मला तेरवीच्या दिवशी सांगितलं. म्हणालीस, "शाबास."

मग भादवा आला. आपल्याकडे महालक्ष्म्या केवढ्या थाटानं बसतात. सासूबाई गेल्यापासून दरवर्षी थोरल्या महालक्ष्मीला साडी तू नेसवायचीस आणि धाकटीला मी. तुझ्यासारख्या निऱ्या अख्ख्या गल्लीत कोणाला जमायच्या नाहीत. त्या वर्षी मी तुला बोलावलं नाही. म्हटलं, करीन मी एकटी. मखर लागलं, धान्याच्या राशी मांडल्या, धाकटीला नेसवून दागिने घातले. थोरलीच्या निऱ्या काही केल्या बसेनात. तीनतीनदा सोडल्या. शेवटी ती तशीच अर्धवट, खांद्यावर नुसतं कापड टाकून उभी, आणि मी खाली बसून रडत होते. विलास चपला शोधत म्हणाला, "मी घेऊन येतो ताईले." त्यानं दार उघडलं तर तू बाहेर उभी. कधीची उभी होतीस कोण जाणे. हातात केवड्याचं कणीस.

"थोरलीले उघडी ठेवून धाकटीले नटवते काय वं?" एवढं बोललीस, पदर खोचलास आणि आत आलीस. मी नाक पुसलं आणि टाचण्या दिल्या.

दुसऱ्या दिवशी जेवायला सगळी गल्ली. म्हणजे तुझे सगळे प्रतिवादी. आणि तू आंबिलीची बादली घेऊन पंगतीत वाढत होतीस. कोणी वर बघेना. एरवी पुरणपोळीवर तुटून पडणारी माणसं मान घालून जेवत होती. रझियाभाभी वाती आणि प्रसादाला म्हणून नारळ घेऊन आल्या, त्यांना मी आत बसवलं. त्यांनीच विचारलं, सगळ्यांदेखत.

"वकीलबाई, हमारा घर जाएगा क्या?"

मला वाटलं, आता तू कोर्टातल्यासारखं बोलणार. तू बादली खाली ठेवलीस आणि त्यांच्यासमोर मांडी घालून बसलीस.

"भाभी, पहले जगह दो, बाद में हटाओ, ऐसा मैंने लिखके दिया है."

"लिखा तो है. मिलेगी क्या?"

तू पदराला हात पुसलेस. मग म्हणालीस, "वो मेरे को नहीं मालूम."

रझियाभाभींनी मान हलवली आणि पोळीचा घास मोडला. त्यांच्यामुळे बाकीचेही माना वर करून बोलायला लागले. जाताना त्या मला म्हणाल्या, "झूठ तो नहीं बोली तेरी बहन." त्या दिवसानंतर गल्लीत तुझ्याबद्दल वाईट कोणी बोललं नाही, ताई. विरोधात सगळे होते. मीही होते. पण वाईट कोणी बोललं नाही.

तारखा पडत राहिल्या. तू तिकडच्या बाकावर, मी इकडच्या. मधल्या सुट्टीत तू माझ्या डब्यातलं खायचीस आणि आमचे वकील बघत राहायचे. एकदा मी तुला म्हटलं, "हारली तं काय करशीन?" तू म्हणालीस, "अपील." "आणि मी हारली तं?" तू माझ्याकडे न बघता कोशिंबीर संपवलीस.

मग तुझं पोट दुखायला लागलं. तू ते उन्हावर ढकललंस, चहावर ढकललंस. नागपूरला नेलं तेव्हा उशीर झालेला होता. डॉक्टर बोलले ते मी ऐकलं, तुला सांगायचं कसं या विचारात बाहेर आले, तर तू रिपोर्टांची फाइल उघडून वाचत बसली होतीस. "मले वाचता येते बेबी," म्हणालीस. परतीच्या रस्त्यात मोझरीला गाडी थांबवायला लावलीस. उसाचा रस मागितलास, दोन घोट घेतलेस आणि ग्लास मला दिलास. "चांगला आहे, तू पी." मी तो उभ्या उभ्या प्यायले.

तुझ्या वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटची उन्हाळ्यात भट्टी व्हायची आणि कूलरची ओली हवा तुला सोसेना. विलासनं कोणाला न विचारता स्वयंपाकघरातलं कपाट हलवलं आणि परकोटाला लागून तुझी खाट टाकली. घरात तीच एक जागा गार. तू आत आलीस, खाट बघितलीस, माझ्याकडे बघितलंस. मला वाटलं, नाही म्हणशील. तू आडवी झालीस आणि कुशीवर वळून पाठ दगडाला लावलीस. डोळे मिटून म्हणालीस, "आहाहा."

तो उन्हाळा आपण दोघींनी त्या स्वयंपाकघरात काढला. मी भाजी चिरायची आणि तू ज्युनिअरला फोनवर मुद्दे सांगायचीस. अर्ध्या बोलण्यात मी कुकर लावला की शिट्टी होईपर्यंत थांबायचीस. मी एकदा म्हटलं, "माह्या स्वयंपाकघरात झोपून माह्याच स्वयंपाकघरावर केस चालवून राहिली तू." तू इतकी हसलीस की पोट धरून बसावं लागलं. मग म्हणालीस, "तुमचा वकील कच्चा आहे बेबी. खरा मुद्दा त्याच्या हाती लागूनच नाही राहिला."

"कोणता मुद्दा?"

"मी कशी सांगू? मी समोरच्या पक्षाची."

"ताई!"

"नाही सांगता येत ना वं." आणि पुन्हा हसलीस.

नाहीच सांगितलास. मी रोज वाट बघत होते, हे तुला कळत होतं ना? मुद्द्याची नाही. तू एकदा म्हणावंस, बेबी, राहू दे तुझं स्वयंपाकघर. पाठीला त्या दगडाचा गारवा घेताना, माझ्या हातची पेज पिताना, कधीतरी तुझ्या तोंडून निघेल असं वाटायचं. आणि तूही वाट बघत असशील, की ही म्हणेल, ताई, तुझं बरोबर आहे. एका दुपारी तू बराच वेळ वर बघत होतीस, जिथं टिन संपतं आणि भिंत पुढे जाते तिथं. म्हणालीस, "इथं लय गार वाटते बेबी. पण तरी हे जायलाच पायजे."

"बरं," मी म्हटलं. "आधी पेज पी."

तू प्यायलीस. आपलं शेवटचं भांडण ते. त्यानंतर तुझ्या अंगात बोलायचं बळ राहिलं नाही. मी भांडायला तयार होते. अजून आहे.

तू गेलीस तेव्हा मी तांदूळ धूत होते. पाणी ओतलं, वळून बघितलं, आणि कळलं. मी हाक मारली नाही. हात पुसले, तुझ्याजवळ बसले आणि विलास बाजारातून येईपर्यंत बसूनच राहिले. तुझी पाठ अजून दगडाला टेकलेली होती. आपल्याला भाऊ नाही. खांदा द्यायला विलास होता, तुझा ज्युनिअर होता, आणि बाकीचे सगळे गल्लीतले. रझियाभाभींचा नवरा थेट स्मशानापर्यंत चालत गेला. नवी रुई घालून तुझ्या डोक्याखाली द्यायला छोटी गादी त्या माणसानं सकाळीच भरून आणली होती. पैशाचं विलासनं काढलं तर त्यानं हात जोडले.

तेरवी झाली, पाहुणे गेले, आणि पुढच्या आठवड्यात तारीख आली. विलास म्हणाला, जाऊ नको, आपले वकील आहेत. पण मी एकही तारीख चुकवली नव्हती.

साहेब नवीन होते, नुकतेच बदलून आलेले. पुकारा झाला. आम्ही गल्लीतले सगळे आमच्या बाकांवर. तिकडच्या बाकावर परकोटवाल्या मंडळींपैकी दोघं, आणि त्यांच्या पुढची जागा रिकामी. तुझा ज्युनिअर दुसऱ्या कोर्टात अडकला होता. साहेबांनी मान वर न करता विचारलं, "वादीतर्फे कोण?"

आमचे वकील उठायला लागले होते, त्यांना सांगायचंच होतं. पण त्यांच्या आधी मीच उभी राहिले.

"त्या वारल्या, साहेब."

साहेबांनी वर बघितलं. "आपण कोण?"

"मी प्रतिवादी," मी म्हटलं. मग म्हटलं, "बहीण."

त्यांना कळलं नाही. आमच्या वकिलांनी पुढे होऊन हळू आवाजात समजावलं. साहेबांनी चष्मा काढला. म्हणाले, "वाईट झालं. बाई, तुम्हाला काही सांगायचं आहे का?"

मला काही सांगायचं नव्हतं, ताई. मी रोजच्यासारखी बसायला आले होते. पण ती रिकामी जागा बघून तोंडून निघालं, "साहेब, तिच्या जागी चांगला वकील येईपर्यंत थांबा. कोणालाही उभं करून उरकू नका. तिची बाजू पूर्ण ऐका. मग आमची ऐका."

आमचे वकील माझ्याकडे बघतच राहिले. मागे गल्लीतलं कोणीतरी "काय बोलून राहिल्या ह्या" म्हणालं. साहेबांनी काहीतरी लिहिलं आणि पुढची तारीख दिली.

बाहेर व्हरांड्यात आले. स्मशानात जाताना रडले नव्हते, तेरवीला रडले नव्हते. तिथं कठड्याला धरून रडले, येणाऱ्याजाणाऱ्या काळ्या कोटांच्या मधोमध. रझियाभाभी मागून आल्या. मला वाटलं, आता विचारतील, किसकी तरफ से बोली तू?

त्यांनी विचारलं नाही. माझ्या हातातली डब्याची पिशवी काढून घेतली, दुसऱ्या हातानं माझं कोपर धरलं आणि म्हणाल्या, "खाना नहीं खाया ना तूने सुबह से. चल, बैठके खाते हैं."

डबा मी दोघींपुरता भरून नेला होता, ताई. सवयीनं. आम्ही तो बाकावर बसून संपवला.